ओव्हर दिल्याशिवाय

गल्लीत तिला सगळे सिस्टर म्हणत. दूधवाला, वाणी, खालच्या मजल्यावरचा टेलर, इतकंच काय, सासरेसुद्धा. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा सासऱ्यांनी काही दिवस ‘सूनबाई’ म्हणून पाहिलं. मग एकदा त्यांच्या अंगठ्याला पत्रा लागला. तिनं तो अंगठा इतक्या सफाईनं बांधला, की त्या दिवसापासून सूनबाई गेली आणि सिस्टर आली.

मोठ्या हॉस्पिटलातल्या सर्जिकल वॉर्डाची ती इन्चार्ज. चादरीचा कोपरा कसा मुडपायचा, ट्रेमध्ये कात्री कुठल्या बाजूला ठेवायची, सलाईनच्या बाटलीवर वेळ कुठे लिहायची, सगळं ठरलेलं. अंधारात हात घातला तरी हवी ती वस्तू हाताला लागली पाहिजे, असं तिचं म्हणणं. नव्या मुली तिला टरकून असत. तिच्या पाठीमागे म्हणत, “ही बाई झोपेत चिमटे मोजत असणार.” तिच्या कानावर ते येई. ती म्हणे, “मोजते. म्हणून माझ्या वॉर्डातला चिमटा कुणाच्या पोटात राहिलेला नाही.”

नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर. महिन्यातून थोडे दिवस घरी, तेही अर्धे झोपेत. घरात सासरे, ती आणि मुलगी. सासऱ्यांना सगळे नाना म्हणत. नानांनी उभी हयात थिएटरच्या दारात काढली होती, डोअरकीपर म्हणून. आता त्यांना उठता-बसता चक्कर यायची. दाराबाहेर एकटं पाऊल टाकायला सिस्टरची बंदी होती.

“जन्मभर लोकांना आत सोडलं,” नाना म्हणत, “आणि आता मला कुणी बाहेर सोडेना.”

मुलीला घरात भिंगरी म्हणत. लहानपणी ती एका जागी टिकायची नाही म्हणून. मोठी झाली, शाळेच्या शेवटच्या वर्षाला पोचली, तरी टिकत नव्हती. डोकं चांगलं होतं. पण वस्तू हातातून निसटायच्या. प्रयोगवही बसमध्ये राहिली. कंपास कुणाला दिला ते आठवेना. सहामाहीत तर कहर झाला. रसायनाच्या दिवशी ती भौतिकाचा अभ्यास करून गेली.

वर्गशिक्षिकांनी सिस्टरला बोलावून घेतलं.

“पोरगी हुशार आहे हो,” त्या म्हणाल्या. “पण नुसता पसारा. पुढच्या वर्षी सर्व्हेच्या कोर्ससाठी आम्ही तिचं नाव पाठवलंय. दुसऱ्या गावी, हॉस्टेल मिळेल. मात्र सगळे विषय पहिल्या झटक्यात सुटले पाहिजेत. एक जरी राहिला तरी जागा दुसऱ्याला जाते. तुम्हीच लक्ष घाला आता.”

सिस्टरनं मुलीकडे पाहिलं. भिंगरी खिडकीबाहेर बघत होती. तिला त्या कोर्सला जायचं होतं. दुर्बीण लावून जमिनी मोजायच्या, उन्हात हिंडायचं, दिवसभर चार भिंतींत बसायचं नाही. हे तिनं एकदाच सांगितलं होतं, पण डोळे असे चमकले होते की सिस्टर ते विसरली नव्हती.

“घालते लक्ष,” सिस्टर म्हणाली.

आणि तिनं लक्ष घातलं.

त्याच आठवड्यात मागच्या खोलीचा वॉर्ड झाला. भिंतीला पुठ्ठा लागला, त्यावर आठवड्याचा तक्ता. प्रत्येक विषयाचा वेगळा ट्रे, हॉस्पिटलातून मोडीत निघालेले, पण घासून लख्ख केलेले. ट्रेच्या कडेला पांढऱ्या चिकटपट्टीवर नावं. पेन्सिली टोक वर करून मगात उभ्या. पलंग भिंतीपासून हात जाईल एवढा बाजूला, कारण मागे काही पडलं तर दिसलं पाहिजे. मोबाईल लोखंडी कपाटात, बंद करून. कपाटाची किल्ली सिस्टरच्या जुडग्यात, जुडगा युनिफॉर्मच्या खिशात.

सकाळी आणि संध्याकाळी राऊंड.

“काल किती धडे?”

“दोन.”

“गणितं?”

“सोडवली.”

“दाखव.”

भिंगरी दाखवी. सिस्टर तक्त्यावर खूण करी. नाना दारातून हे बघत आणि डोक्याला हात लावत.

“ताप किती आहे पेशंटला?”

“नाना, हसण्यावारी नेऊ नका.”

“मी कुठं हसतोय? मी भेटायला आलोय. भेटायची वेळ काय तुमच्याकडे?”

नवरा घरी आला त्या दिवशी दारातच थबकला. पुठ्ठा, ट्रे, चिकटपट्ट्या बघून म्हणाला, “हे घर आहे की आयसीयू? चपला बाहेर काढायच्या की डोक्याला टोपीपण घालायची?”

“तू ट्रक चालव,” सिस्टर म्हणाली.

तो हसला. मुलीच्या डोक्यावर टपली मारली. “कसं चाललंय, भिंगरे?”

“बरं चाललंय,” ती म्हणाली. पूर्वी ती त्याला अर्धा तास काहीबाही सांगत बसे.

तरी गुण वाढले. खोटं कशाला बोला? पहिल्या चाचणीत वाढले, दुसऱ्या चाचणीत आणखी. प्रयोगवही सगळ्यांत आधी पुरी झाली. वर्गशिक्षिका रस्त्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “काय जादू केलीत?” सिस्टरच्या अंगावर मूठभर मांस चढलं. वॉर्डात तिनं ते सगळ्यांना सांगितलं, ड्रेसिंगची ट्रॉली ढकलता ढकलता.

मधे एक गोष्ट घडली. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

एका दुपारी सिस्टर ड्युटीवर होती. भिंगरीला झेरॉक्स काढायची होती. दुकान गल्लीच्या तोंडाशी. नाना झोपलेत असं बघून ती गेली. दुकानात मैत्रीण भेटली, दोघी बोलत उभ्या राहिल्या. तेवढ्यात नाना उठले, मोरीत गेले, चक्कर आली, पडले. भुवईवर खोक पडली. भिंगरी आली तेव्हा ते फरशीवर बसून होते, हात डोळ्यावर, बोटांतून रक्त. म्हणत होते, “काही नाही गं, काही नाही. आईला सांगू नकोस म्हणजे झालं.”

सांगावंच लागलं. टाके पडले.

सिस्टर ओरडली नाही. ती कधीच ओरडत नसे, म्हणून तर मुली तिला घाबरत. तिनं भिंगरीला समोर बसवलं.

“वॉर्डात एक नियम आहे,” ती म्हणाली. “ड्युटी संपली म्हणून कुणी उठून जात नाही. पुढची बाई येते. तिला एकेक पेशंट दाखवायचा. याचं हे झालं, त्याचं ते राहिलं, याच्याकडे लक्ष ठेव. त्याला ओव्हर देणं म्हणतात. घड्याळात काय वाजले ते बघायचं नाही. ओव्हर दिल्याशिवाय जागा सोडायची नाही. बाहेर आग लागली तरी. कळलं?”

“कळलं.”

“आजपासून घरातपण तसंच.”

“शेजारच्या काकूंना सांगून गेले तर?”

“काकूंना नानांच्या गोळ्या माहीत आहेत? चक्कर आली तर पाय वर घ्यायचे की डोकं, माहीत आहे? मागे काकूंनी साखरेचं पाणी पाजलं होतं, शुगर असलेल्या माणसाला. मला सांगून जायचं. फक्त मला.”

त्यानंतर नानांच्या भुवईवरची पट्टी बदलायचं काम भिंगरीनं आपणहून मागून घेतलं.

आणि नियम पाळला. सिस्टर आली, की ती उठून उभी राही. “आजोबांची दुपारची गोळी झाली. चहा अर्धा कप, बिनसाखरेचा. एकदा उठले, मी धरलं होतं. चक्कर नाही.” मग ती क्लासला जाई. सिस्टरला हे ऐकताना बरं वाटे. वॉर्डातल्या कुठल्याही पोरीपेक्षा स्वच्छ ओव्हर देत होती ती. नाना कुरकुरत, “अरे, मी इथंच बसलोय, मलाच विचारा की मी चहा प्यालो का ते.” त्यांच्याकडे दोघींचं लक्ष नसे.

भिंगरी आता कुठली वस्तू हरवत नव्हती. कुठली वस्तू शोधतही नव्हती. ट्रेपाशी हात नेला की हवं ते मिळे. एकदा मैत्रिणीनं विचारलं, “आज संध्याकाळी येतेस का तळ्यावर?” भिंगरी म्हणाली, “तक्ता बघून सांगते.” मैत्रीण खो खो हसली. थट्टा आहे असं तिला वाटलं. भिंगरी हसत नव्हती, हे तिच्या लक्षात यायला वेळ लागला.

परीक्षा आली. सिस्टरनं पेपरांच्या दिवसांत दुपारच्या ड्युट्या मागून घेतल्या होत्या, म्हणजे सकाळी ती घरी. पहिले पेपर सुरळीत गेले. सकाळी भिंगरी तयार व्हायची, नानांची गोळी द्यायची, आईला ओव्हर द्यायची, आणि खाली वाट बघणाऱ्या मैत्रिणीबरोबर शाळेला जायची. गणित तेवढं उरलं होतं, शेवटचा पेपर. त्या दिवसाची तर सिस्टरची रजाच मंजूर होती.

आदल्या रात्रीची नव्हती. रात्रपाळीची एक पोरगी तापानं पडली, आणि मेट्रनचा फोन आला. “तुझ्याशिवाय कुणाला सांगू? सकाळी सुटशील तू वेळेत.” सिस्टरनं हिशेब केला. सकाळची बाई येईल, ओव्हर होईल, घरी पोचायला फार तर अर्धा तास. पेपर त्याच्या कितीतरी नंतर. तिनं निघताना भिंगरीचं दप्तर भरलं. ओळखपत्र पुढच्या कप्प्यात. दोन पेनं, एक जादा. पट्टी, कंपास, पाण्याची बाटली. दप्तर दाराशेजारच्या खुर्चीवर ठेवलं.

“सकाळी येतेच मी,” ती म्हणाली.

“हो,” भिंगरी म्हणाली.

सकाळची बाई आलीच नाही.

तिचा मुलगा जिन्यावरून पडला होता, हे नंतर कळलं. तेव्हा फक्त तिचा फोन लागत नव्हता. वॉर्ड भरलेला. कोपऱ्यातला माणूस पहाटेच ऑपरेशन होऊन आला होता, त्याची निचऱ्याची नळी लालसर भरत होती. हाताशी एक ज्युनिअर पोरगी, नोकरीला लागून महिना झाला नव्हता.

“मॅडम, तुम्ही जा ना,” ज्युनिअर म्हणाली. “मुलीचा पेपर आहे ना आज? मी बघते.”

“तू काय बघशील? नळी कशाला आहे ते सांग आधी.”

पोरीचं तोंड एवढंसं झालं.

सिस्टरनं मेट्रनला फोन केला. “पाठवते कुणालातरी, पाठवते,” मेट्रन म्हणाली. सिस्टरनं घड्याळ पाहिलं. घरी फोन करावा, तर भिंगरीचा फोन कपाटात, आणि कपाटाची किल्ली तिच्या स्वतःच्या खिशात. ती किल्ली मांडीला टोचत होती. नानांनी घरात फोन कधी घेऊच दिला नव्हता, घंटीनं छाती धडधडते म्हणत. शेजारच्या काकूंचा नंबर तिनं कधी घेतलाच नव्हता. नवऱ्याचा लागेना, ट्रक कुठल्यातरी घाटात असेल. खालच्या टेलरला लावला. वाजून वाजून बंद झाला. त्याचं दुकान उशिरा उघडे.

ती ऑपरेशनच्या पेशंटपाशी गेली. नाडी बघितली. पिशवी बदलली. मनाशी म्हणाली, ‘दप्तर दारात आहे. कपडे इस्त्रीचे आहेत. खाली मैत्रीण येईल. एवढी मोठी घोडी झाली, वेळ झाली की जाईल आपली आपण. नाना काही तान्हं बाळ नाहीत.’ हे तिनं दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटल्यावर तिला खरंच पटलं. मग तिनं वॉर्डात जीव ओतला.

घरी काय झालं, ते तिला नानांनी नंतर सांगितलं. मैत्रिणीनं बरंच नंतर सांगितलं.

भिंगरी वेळेवर उठली. अंघोळ केली. नानांना गोळी दिली. दोघांनी टोस्ट खाल्ला. मग ती दाराशेजारच्या खुर्चीवर बसली, दप्तर मांडीवर घेऊन.

खालून मैत्रिणीनं हाक मारली. एकदा, दोनदा. मग ती वर आली.

“चल की! काय बसलीस नवरीसारखी?”

“आई आली नाही अजून.”

“मग?”

“आजोबांचा ओव्हर कुणाला देऊ?”

नाना पलंगावरून म्हणाले, “अगं, मला दे! मी घेतो माझा ओव्हर. जा बाई, जा.”

“तुम्ही पेशंट आहात, आजोबा.”

“पेशंट कशाचा डोंबलाचा! हा बघ, उभा राहून दाखवतो.” ते उठले आणि पलंगाचा दांडा धरून मटकन खाली बसले. भिंगरी धावली. त्यांचे पाय उशीवर घेतले, पाणी पाजलं.

“शेजारच्या काकूंना हाक मारू?” मैत्रिणीनं विचारलं.

“त्यांना गोळ्या माहीत नाहीत.”

“अगं, गणिताचा पेपर आहे! तुझा कोर्स…”

“माहीत आहे मला,” भिंगरी म्हणाली. आवाज चढला नाही. “तू जा. तुला उशीर होईल. आई येतेच म्हणालीय.”

मैत्रीण जिन्यात थांबली. परत वर आली. परत खाली गेली. तिचाही तोच पेपर होता. शेवटी ती पळत सुटली.

नाना म्हणाले की नंतर ते खूप बोलले. रागावले, विनवण्या केल्या, तिच्या बापाची शपथ घातली. “सिनेमा सुरू झाल्यावर आलेल्यांनासुद्धा मी आत सोडायचो गं, बॅटरी दाखवून, थेट खुर्चीपर्यंत. उशीर झाला तरी जा.” ती ऐकत होती. एकदा तर उठली, दारापर्यंत गेली, उंबऱ्यावर एक पाय ठेवला. मग नानांच्या भुवईकडे बघितलं आणि येऊन परत बसली. नानांनी मग बोलणं सोडलं. आपण बोललो की तिला उलट त्रास होतो, असं त्यांना वाटलं. ते डोळे मिटून पडले, झोपल्याचं सोंग करून. झोपलो तर तरी जाईल म्हणून. तिनं त्यांच्या अंगावर पांघरूण घातलं.

मेट्रननं पाठवलेली बाई आली. सिस्टरनं तिला ओव्हर दिला. घाई होती, तरी एकही पलंग गाळला नाही. कोपऱ्यातल्या पेशंटपाशी दोनदा सांगितलं. मग ती निघाली. पेपर सुरू झाला होता. ‘आता लिहीत असेल,’ असं म्हणत ती घराचा जिना चढली. दार उघडंच होतं.

खुर्चीवर भिंगरी होती.

आईला बघून ती उठून उभी राहिली.

“आजोबांची सकाळची गोळी झाली,” ती म्हणाली. “टोस्ट एक, चहा अर्धा कप. एकदा उठले, चक्कर आली, पाय वर घेतले. पडले नाहीत. आता झोपलेत.”

मग तिनं दप्तर खांद्याला लावलं. “जाऊ मी?”

सिस्टरनं मुलीचा दंड धरला आणि जिन्यावरून ओढतच खाली नेलं. नानांकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. खाली टेलर दुकानाची फळी काढत होता. त्यानं विचारलं, “काय झालं, सिस्टर?” तिनं ऐकलं नाही. मिळाली ती गाडी थांबवली. रस्त्यात भिंगरी एकदाच बोलली. “वॉर्डात काय झालं?”

“बाई आली नाही,” सिस्टर म्हणाली.

“मग तुला निघता आलं नसेल.”

तिनं हे समजुतीनं म्हटलं होतं.

शाळेचं फाटक बंद होतं. पहारेकरी म्हणाला, “अर्धा तास उलटला की आत घेता येत नाही, बाई. माझ्या हातात नाही.” सिस्टरनं युनिफॉर्मवरचा बिल्ला दाखवला. हॉस्पिटलचं सांगितलं. हात जोडले. आयुष्यात तिनं कुणापुढे हात जोडलेले कुणी पाहिले नव्हते. पहारेकरी आत जाऊन आला. मान हलवली. फाटकाच्या गजांतून मोकळं पटांगण दिसत होतं, एका बाजूला चपलांची रांग, आणि वर्गांच्या बंद खिडक्या. भिंगरी थोडी मागे उभी होती. तिनं दप्तर दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं.

घरी आल्या. नाना जागे होते.

“सोडलं?”

“नाही,” सिस्टर म्हणाली.

नाना भिंतीकडे वळले. म्हणाले, “मी सोडलं असतं.”

कुणी कुणावर ओरडलं नाही. सिस्टरनं मागच्या खोलीत जाऊन तो पुठ्ठा उतरवला. खिळा हलेना, तेव्हा पुठ्ठाच फाडला. ट्रे एकावर एक रचले आणि बाहेर नेऊन ठेवले. मग जुडग्यातली किल्ली काढली, कपाट उघडलं, फोन काढला आणि मुलीच्या हातात दिला.

“हा घे. तुझ्याजवळच ठेव. पुरवणी परीक्षा असते. मी शाळेत बाईंना भेटते, कोर्सवाल्यांशी बोलतात का बघते. तू आता… तुला वाटेल तसं कर. बाहेर जा हवं तर. तळ्यावर जा. मी आहे नानांपाशी.”

भिंगरीनं फोन घेतला. त्याचा पडदा काळाच होता. तिनं तो उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला.

“चालू करू?” तिनं विचारलं.

“कर की.”

तिनं चालू केला नाही. ती भिंतीवर, जिथे तक्ता होता तिथे बघत होती. तेवढ्या जागेचा रंग बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ होता, आणि मधे खिळा तसाच. दप्तर तिच्या खांद्यालाच होतं. ते खाली ठेवायचं तिला सुचलं नव्हतं.

“आई,” ती म्हणाली, “आता काय करू?”

सिस्टरनं तोंड उघडलं. सवयीनं उत्तर जिभेवर आलं होतं. ते तिनं गिळलं.